हिरामावशीची शुद्ध मराठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला तर मुळीच नाही — तिने गावभर केलं असतं. तुम्हाला सांगते.

दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं मी पनवेलच्या बाजाराजवळ एका सायबर कॅफेत कामाला बसायचे. पाच संगणक, मधे प्लायवूडचे आडोसे. नेट लागताना मोडेम असा काही खरखरायचा की नवीन माणूस दचकून उठायचा. एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. तरी मजा होती. ईमेल आलाय म्हटलं की माणसं केस सारखे करून आत यायची.

हिरामावशी जवळच्या गव्हाण गावची. मासळी विकून झाली की पाटी दाराबाहेर ठेवून यायची. तिचा मुलगा जनार्दन परदेशी बोटीवर नोकरीला. बंदर लागलं की तिथल्या कॅफेतून लिहायचा. मावशीला लिहितावाचता येत नव्हतं. ती बोलायची, मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचे. माझ्यासाठी कागदात गुंडाळून चार बोंबील आणायची. मला ती फार आवडायची — म्हणूनच हे सांगणं जड जातंय.

ती सांगायची, "लिव बाय, आमी बरी हाव. तुजे वाट्याचा जवला सुकवून ठेवलाय. लवकर नाय आलास तं मांजरीला घालीन."

आणि मी काय लिहायचे? 'चिरंजीव जनार्दन यास अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व कुशल आहोत. आपली फार आठवण येते.' शाळेत पत्रलेखनाला मला कायम पैकीच्या पैकी. पोटच्या पोराला 'आपली'! मांजर गेली, जवळाही गेला. संगणकावरून एवढ्या लांब सुकी मासळी कशाला, असं वाटायचं मला. म्हणजे — लाज वाटायची. तिच्या बोलीची. तिची नाही… तिचीही, थोडी.

एकदा त्याने लिहिलं — आये, तू अशी कदी बोलाय लागलीस? तुजं बोलनं लिव. ती ओळ मी मावशीला वाचून दाखवली नाही. पुढची वाचली, थंडी फार आहे ती.

दर खेपेला मावशी विचारायची, जवळ्याचं काय म्हणाला? काही नाही, मी सांगायचे. खोटं कुठे होतं ते? खोटंच होतं. हळूहळू तिने जवळ्याचं नाव घेणं सोडलं. एकदा पाटी उचलताना एवढंच म्हणाली, "त्याला आता आपलं नाय गोड लागत." तेव्हा तरी मला बोलता आलं असतं. नाही बोलले.

आता फोनचं बटण दाबलं की माणूस स्वतःच्या आवाजात बोलतो, मधे कुणी शहाणी बसलेली नसते. मावशीने बोलून बोलून पोराचा फोन भरून टाकला असता. पण ती त्याआधीच गेली, तो बोटीवर असताना.

दिवसकार्य आटोपून जनार्दन कॅफेत आला. सगळे ईमेल छापून आणले होते, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आईचा आवाज कुठे साठवलेला नाही, हेच काय ते आहे, म्हणाला. मग विचारलं, "ताई, आय अशीच सांगायची?"

हो, म्हणाले मी. शब्दन्‌शब्द.

त्याने मान हलवली. "मंग मीच इसरलो तिचं बोलनं," म्हणाला, आणि पिशवीला गाठ मारली.