भागीरथेची मोटार

भागीरथा मोटारीत कधी बसली नव्हती. चिमूरकडे जाणारी मोटार तिनं धानाच्या बांधीत उभं राहून पाहिली होती, तेवढीच. पण दुपारी घरामागच्या सांदवाडीत ती स्वतःची मोटार चालवायची. सूप धरून वळण घ्यायची. मग तीच कंडक्टर व्हायची, तीच काखेत कोंबडी घेतलेली म्हातारी, तीच उलटी आवरून बसलेली नवी नवरी. अंग असं हिंदकळायचं की पाहणाऱ्याला रस्त्यातले खड्डे दिसावेत.

पाहणारा एकच, तिचा नवरा पत्रू. तो गावच्या दंडारीत बाईचं सोंग घेऊन नाचायचा.

मोटार नेहमी मार्कंड्याला, भागीरथेच्या माहेरी थांबे. मधे वैनगंगा होती, पण या मोटारीला डोंगा लागत नसे. ती उतरायची, आईच्या पाया पडायची. आई हल्ली माणसं ओळखत नव्हती. "कोन व तू?" हे आईचं विचारणंही भागीरथाच करायची, आणि मग तिथंच बसून राहायची.

"हे कोनाले दाखवू नका," ती म्हणाली होती.

"तुयी आन," पत्रू म्हणाला होता.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली. सीतेच्या पार्टासाठी म्हणून पत्रूनं तिचं हिरवं लुगडं मागून नेलं. दुपारी ढोलकी कडाडली, आणि ते लुगडं नेसून पत्रू सूप घेऊन आला.

शेजारच्या शकुबाईनं भागीरथेला कोपर मारलं. "अवो, हा तं मोटारच झाला!"

खरं सांगायचं तर आधी भागीरथाही हसली. नाचत होता छानच. मग मोटार थांबली. पत्रू पाया पडला, आणि लगेच कंबर मोडून, डोळे फिरवून, म्हातारीच्या चिरक्या आवाजात म्हणाला, "कोन व तू?"

सगळ्यात मोठा हशा तिथं पिकला. घरी जाताना पोरं एकमेकांना तेच विचारत होती.

"पाह्यलं काय? लोक लोटपोट झाले!" पत्रू आला तोच म्हणत.

"सीतेचा पार्ट होता ना?"

"सीता तं सारेच नाचवते. लोकायले आता रोजचं पायजे, नवं पायजे."

"त्यात माई माय काऊन घेतली?"

"कोनाची माय हाय, लोकायले का मालूम?"

"मले मालूम हाय."

पत्रू ओशाळला. "बरं, तेवढं काढतो."

पुढच्या गावची मंडई पाहून शकुबाई आली ती हसतच. "म्हातारीचं तं दोनदा कराले लावलं लोकायनं!"

महाशिवरात्रीला दंडारीच्या मंडळीला मार्कंड्याच्या जत्रेचं बोलावणं आलं. पत्रू म्हणाला, "चाल, तुलेई नेतो. जमते तिथवर मोटारीनं जाऊ."

"मायच्या गावात मायवर हासाले?"

"अव, नाच हाय तो."

"तुमी जा. लुगडं ठेवून जा."

तो शकुबाईचं लुगडं घेऊन गेला.

परत आला तो खुशीत. "तुया भावानं मायले पुढंच आनून बसवली होती."

ताट वाढता वाढता भागीरथेनं विचारलं, "तुमाले ओळखलं?"

"नाई. पन हासली. त्याच जाग्यावर, लय हासली."

त्याला वाटलं, हे ऐकून हिचा राग जाईल. भागीरथेनं त्याच्यापुढं ताट ठेवलं, पाण्याचा गडवा ठेवला आणि आत गेली. पत्रूनं पुढं कितीदा विनवलं, चिडवलं, रुसून पाहिलं. तिनं त्याला पुन्हा काही करून दाखवलं नाही.