इवायाले पाठ दाखवत नाही

उभ्या वऱ्हाडात आमच्या इवायांइतका आदबशीर माणूस दुसरा नाही, आणि नुसत्या आदबीनं समोरच्याला इतकं बेजार करता येतं हे त्यांच्याशी सोयरीक होईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. इवाई म्हणजे व्याही. माझ्या एकुलत्या एका मुलीचे सासरे. शेंदूरजनाघाटला त्यांची संत्र्याची बाग आहे, बागेतच घर आहे. मी अकोल्याच्या जठारपेठेत राहणारा, नोकरीतून मोकळा झालेला, साधा मुलीचा बाप. मुलीच्या बापानं वाकायचं आणि मुलाच्या बापानं ताठ बसायचं अशी वाटणी आमच्या वाडवडिलांनी करून ठेवली आहे, आणि मी आयुष्यभर वाकायची तयारी ठेवून होतो. पण इवायांना ही वाटणीच मान्य नाही. "पोरगी तुमी देली, म्या काय देलं? मान तुमचा," असं म्हणत ते माझ्याच घरी येऊन मलाच टोपी-दुपट्टा घालतात. मग मला त्यांना घालावा लागतो. मग ते माझ्या पाया पडायला वाकतात, मी त्यांच्या पाया पडायला वाकतो, आणि दोघांची डोकी आपटतात. दारातून आधी आत कोणी जायचं यावर तर आमचा इतका वेळ जातो, की माझी बायको आता चहा दारातच आणून देते.

मुलगी पाहायला आले तेव्हा त्यांनी मुलीकडे धड पाहिलंसुद्धा नाही. आमच्या परसात एक लिंबाचं झाड आहे, त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. बुंध्यावरून हात फिरवला, दोन पानं उलटी करून पाहिली आणि विचारलं, "हे कोनं लावलं?" मी म्हणालो, "मुलीनंच." "मंग आता काय पाहाचं राहिलं?" म्हणाले, आणि पोहे यायच्या आत सोयरीक पक्की झाली. झाडांशी त्यांची सलगी अशी की ओळखपाळख लागत नाही. एकदा आम्ही बसनं वरूडकडे जात होतो. मध्येच त्यांनी आरडाओरडा करून बस थांबवली. ड्रायव्हरला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं. हे खाली उतरले, रस्त्याकडेच्या एका परक्या बागेत शिरले आणि तिथल्या मालकाला झापून आले: "झाडाले डिंक्या लागला, बुंध्यातून डिंक गळून राहिला, अन् तुमी खाटेवर बसून बिडी ओढून राहिले?" सगळी बस खिडक्यांतून ऐकत होती. मी पेपर तोंडासमोर धरला होता.

यंदा पोळा झाल्यावर त्यांचा फोन आला. फोनवर ते इतक्या मोठ्यानं बोलतात की शेंदूरजन्याहून आवाज असाच आला असता, फोन कशाला हवा होता असं वाटतं. "इवाई, डोंगर चढाले जाचं हाये. गाविलगड. पडके वाडे, दरवाजे, मोठमोठी टाकी, सारं दाखवतेत. दुसऱ्या दिवशी नदीत रबरी नाव. म्या दोघायची नावं देली!" माझा टोंगळा, म्हणजे गुडघा, दुखतो असं मी सांगितलं. "त्यालेबी आना. त्याचीबी हवा पालटन," म्हणाले आणि फोन ठेवला. दिवसभर मला कळेना, बाग सोडून मुलाच्या लग्नालासुद्धा वेळेवर न निघालेल्या या माणसाला अचानक किल्ला कुठून आठवला?

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिला नाशिकच्या एका कॉलेजात नोकरी लागली होती. जावईबापू तिकडे काम शोधायला तयार होते. पाच वर्षांची नात अर्थातच सोबत जाणार. दहा दिवसांत रुजू व्हायचं होतं. पण इहीणबाईंना, म्हणजे इवायांच्या बायकोला, जाऊन तीन वर्षं झालेली, हे तिघं गेले की बागेतल्या घरात इवाई एकटे. "बाबा, मामाजी नाही म्हणाले तर मी जाणार नाही," मुलगी म्हणाली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. "आणि त्यांना विचारायची माझी हिंमत नाही. तुम्ही डोंगरावर जाताच आहात, तर तुम्हीच विचारा." आता घ्या! मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला जाऊन सांगायचं की तुमचं भरलं घर रिकामं करू द्या. रात्रीच्या जेवणात मला मीठ कमी की जास्त तेही समजलं नाही.

आमचे वाटाडे अमरावतीचे निवृत्त पीटी मास्तर होते. गळ्यात शिट्टी, आणि वाक्यागणिक ती फुंकायची सवय. बावीस माणसांना त्यांनी पायथ्याशी ओळीत उभं केलं आणि बजावलं, "पाण्याची बाटली आणि टोपी, बाकी काही नाही!" इवायांच्या डोक्यावर टोपी होती, हातात बाटली होती, आणि पाठीवर रोडग्यांचं, म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, भलंमोठं गाठोडं होतं. दुसऱ्या हातात वांग्याच्या भाजीचा पितळी डबा. "मास्तर, बावीस लोकायले उपाशी नेता काय?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी शिट्टी तोंडात घातली आणि काही न वाजवता काढून घेतली. मग चढणीवर दर वळणाला इवाई थांबायचे, "आधी तुमी" म्हणून मला पुढे करायचे, मी "छे छे, तुमी" म्हणायचो, आणि मागचे वीस लोक आमच्या मानपानामुळे दगडावर टेकून बसायचे. माझा टोंगळा मात्र खूश होता.

वर पोचल्यावर मास्तर मोठ्या तन्मयतेनं सांगत होते, की हा दरवाजा अमक्या काळातला, ही कोरीव चित्रं तमकी. इवायांचा एकच प्रश्न: "इतक्या लोकायले पानी कुठून ये?" टाकी दाखवल्यावर त्यांचं समाधान झालं, राजे-महाराजे त्यांनी सोडून दिले. मग त्यांचं लक्ष भिंतीतून उगवलेल्या पिंपळाच्या रोपांकडे गेलं. "हे राहू देलं तं भिंत फाटन," म्हणत ते चार रोपं हलक्या हातानं उपटून आले. "काका, ऐतिहासिक वास्तूला हात लावू नका!" मास्तर ओरडले. "म्या वास्तूले कुठं हात लावला? वास्तूच्या वैऱ्याले लावला." मास्तरांनी शिट्टी मारून बाकीच्यांना पुढच्या दरवाजाकडे वळवलं. त्या गडबडीत मी तीन वेळा विषय काढायला गेलो. पहिल्यांदा "इवाई, एक बोलाचं होतं" म्हटलं, तर त्यांनी माझ्या हातात रोडगा ठेवला. दुसऱ्यांदा तूप वाढलं. तिसऱ्यांदा ते एका तरुण जोडप्याला, त्यांच्या बाल्कनीतली तुळस का सुकते, हे समजावत होते. त्या दिवशी मी पाच रोडगे खाल्ले आणि एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी नदी. पाऊस ओसरत होता, पाणी गढूळ आणि चांगलं खळाळतं होतं. फुगीर जॅकेटं घालून आम्ही आठ जण एका नावेत बसलो. इवायांना पोहता येत नाही, पण भीती ही चीज त्यांच्या गावावरून गेलेली नाही. मास्तरांनी त्यांना माझ्या पुढे बसवलं, तोंड प्रवाहाकडे. इवाई बसले, आणि लगेच वळून माझ्याकडे तोंड करून बसले. मास्तर म्हणाले, "काका, पुढे बघा." इवाई म्हणाले, "इवायाले पाठ दाखवत नाही आमच्यात." मग मी त्यांच्या पुढे जाऊन बसलो, तसे तेही पुन्हा प्रवाहाकडे तोंड करून बसले. पण मग माझी पाठ त्यांच्याकडे झाली, आणि मुलीचा बाप मी, मला ते कसं चालावं? मीही वळलो. आता आम्ही दोघं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. मास्तरांनी "वल्हवा!" म्हणून शिट्टी मारली आणि आम्ही दोघांनी जीव तोडून वल्ही मारली. आपापल्या पुढच्या बाजूला. नाव जात्यासारखी गरगर फिरायला लागली. बायका किंचाळल्या, कोणाचा तरी चष्मा गेला, मास्तर शिट्टी सोडून तोंडानं ओरडू लागले, "अहो, एक जण तरी फिरा!" "नाई बा," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

आणि त्या भोवऱ्यात, चिंब भिजलेल्या इवायांचं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर असताना, माझ्या लक्षात आलं, की इथे रोडगा नाही, तूप नाही आणि पळायला जागाही नाही. पाण्याच्या आवाजावर मी ओरडलो, "इवाई! पोरीले नाशिकले नोकरी लागली! जाऊ द्याल काय तिले?"

सगळ्या नावेनं ऐकलं. इवायांनी वल्हं मांडीवर ठेवलं.

"मले माहीत हाये," ते म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो. "पोस्टमननं पाकीट माह्याच हातात देलं. वरतं कॉलेजचं नाव होतं. तवापासून पोट्टी मान खाली घालून मले वाढून राहिली. मले काय समजत नाही?"

"मंग बोलले काहून नाही?"

"आधी म्हटलं, पाहावं, आपल्याले जमते काय ते. म्हून तं आलो इथं. दोन दिवस घर नाही, नातीचा आवाज नाही."

"मंग? जमते?"

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "दिवसा जमते," म्हणाले.

नावेतली सहाही माणसं उगीच आपापली जॅकेटं चाचपत होती. मग इवायांनी नाक पुसलं, वल्हं उचललं आणि नेहमीच्या आवाजात गर्जले, "जाऊ द्या म्हनजे काय? गेलीच पाहिजे! शिकली कायले मंग? उद्याच बॅगा भर म्हना तिले!" मास्तरांनी शिट्टी मारली, आम्ही पुन्हा वल्ही मारली, आणि नाव पुन्हा गरगर फिरली. शेवटी उरलेल्या सहा जणांनी आम्हाला काठाला लावलं.

तिघं नाशिकला गेले. नात रोज सायंकाळी आजोबांना फोन करते, आणि मुलगी सांगते की तिच्या शेजाऱ्यांनाही आता बागेची सगळी खबर असते. मुलीच्या सासरी मुक्काम करायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. लग्नाला सात वर्षं झाली, मी तिथे एक रात्र काढली नव्हती. पण आता ती तिथे राहतच नाही, तर नियम लावायचा कोणाला? शनिवारी मी पिशवी भरली आणि वरूडची बस धरली. बायकोनं पिशवीत माझं पांघरूण तेवढं ठेवलं.

सकाळी बागेत खुर्च्या टाकून बसलो होतो. कपबशी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरत इवाई म्हणाले, "इवाई, काल लय दिवसानं झोप लागली बाप्पा." मी म्हटलं, मग पुढल्या शनिवारीही येतो. ते खाली पाहत बशीत चहा ओतत राहिले.