हलगी वाजली की डबा

आमच्या मेसच्या मामी रस्त्याकडे पाठ करून भाकरी थापायच्या आणि रस्त्यावर काय चाललंय ते आम्हाला सांगायच्या. "इंदापूरची एसटी आली. ब्रेक दाबला की रडती ती." आम्ही डोकावून बघायचो, तर खरंच एसटी असायची. बारामतीत अगदी मोठ्या रस्त्याला लागून त्यांचं घर होतं. वरच्या खोलीत आम्ही तिघी मुली राहायचो.

मी लासुर्ण्याची, घरातून कॉलेजला आलेली पहिलीच. त्या आवाजात मला वाचताच येईना. कानात कापूस घालून बसायचे. मामी म्हणायच्या, "कान झाकून अभ्यास हुतो व्हय? मग डोळं तरी कशाला उघडं ठेवतीस?" पुढे कापूस कधी सुटला, ते कळलंही नाही.

मामींचा मुलगा बाळू उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. आमच्याकडे प्रत्येक ट्रॅक्टरचं गाणं ठरलेलं असतं. बाळूच्या स्पीकरवर हलगी असायची. ती चौकाच्या पलीकडे ऐकू आली की मामी डबा बांधायला घ्यायच्या. दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर दारात थांबवता येत नाही. बाळू फक्त वेग कमी करायचा, हात खाली करायचा आणि मामी डबा वर द्यायच्या. शेजारचे मेडिकलवाले वैतागायचे. "मामी, त्या हलगीनं आमच्या बाटल्या नाचत्यात."

"नाचू द्या की. तुमच्या दुकानात तेवढंच काय ते हलतंय."

त्या दुपारीही हलगी वाजली. मी पायरीवर बसले होते. मामी डबा घेऊन पुढे गेल्या, वरून हात आला, त्यांनी डबा दिला. ट्रॅक्टर थोडा पुढे जाऊन थांबला. उतरला तो बाळू नव्हता. डबा तसाच हातात धरून एक अनोळखी माणूस आमच्याकडे चालत आला.

"मावशी, तुमी बाळूच्या आई ना? त्याला इंदापूरला दवाखान्यात नेलंय. उसाच्या फडात ट्रॉलीची पीन लावत हुता. मागनं दुसरी गाडी रिव्हर्स आली. त्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला, पण गाण्यात बाळूला ऐकू गेला न्हाय."

मामी अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "काय बोलतोयस? त्याचं गाणं वाजतंय की."

"ऊस वाळतोय म्हणून मालकानं त्याचाच ट्रॅक्टर घेऊन मला धाडलं. किल्ली फिरवली की ते आपोआप लागतंय."

मागे हलगी चालूच होती. ती बंद करावी हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

मी मामींबरोबर इंदापूरला गेले. वाटेत त्या एकच विचारत होत्या, त्यानं सकाळी काय खाल्लं असेल. दवाखान्यात कळलं, बाळू फडातून आणतानाच गेला होता. म्हणजे इकडे मामी डबा बांधत होत्या, तेव्हा तो नव्हताच. हे मला अजूनही नीट समजत नाही. आम्ही दोघींनी तो येताना ऐकला होता.

हंगाम संपायच्या आत मामींनी मेस बंद केली आणि त्या बहिणीकडे राहायला गेल्या. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला.

हल्ली घरून फोन येतो, स्क्रीनवर आईचं नाव दिसतं. तरी मी आधी विचारते, "आई, तूच हायस ना?"

ती हसते. "मग कोण असणार, येडे?"

तेवढं ऐकलं की मग मी बोलायला लागते.