शाई न पुसलेला अंगठा

माझ्या तोंडाला कुलूप म्हणून कधी नव्हतं. आमच्या आळीत कुणालाही विचारा — सुमनमावशी एकदा नळावर उभी राहिली की कळशी भरून वाहायला लागते, पण तिचं बोलणं संपत नाही. सगळ्या जगाचं मी सगळ्या जगाला सांगितलंय. एक गोष्ट तेवढी नाही. मुलाला नाही, भावाला नाही, देवापुढे हात जोडले तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. आज लिहितेय. तोंडाने सांगायला गेले तर मी ती सजवीन, मला माझा स्वभाव माहीत आहे. कागदावर मला इतकं नटवता येत नाही.

शाळेत मी गेले नाही हो. अक्षरं शिकले ती औषधांच्या खोक्यांवरून आणि केसपेपरवरून. रत्नागिरीच्या एका दवाखान्यात — नाव नको, दवाखान्याची काही चूक नाही — मी आया होते. त्याआधी काय होते? सून होते. लांज्याच्या आतल्या बाजूला एका वाडीत.

नवरा मुंबईला गोदीत. गणपतीला यायचा, गौरी गेल्या की जायचा. त्या वर्षी आला तसाच गेला, आणि मार्गशीर्षात तिकडे अपघातात गेला. मी तेव्हा पोटुशी. ज्येष्ठात दिनेश झाला. नऊ महिने, दिवस भरून, आमच्याकडच्या सगळ्यांची होतात तसं मूल.

माझी थोरली जाऊ वत्सलावैनी. घरात तिचंच चालायचं. दिनेश पाच दिवसांचा होता. विहिरीवर सात-आठ बायका, मी पडवीत पोर घेऊन बसलेली, विहीर तिथून हाकेवर. तिने कळशी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर केले — मला ऐकू यावं म्हणूनच.

"मोजा गो तुम्हीच. भाद्रपद एक. आश्विन दोन. कार्तिक तीन..."

भाद्रपदही धरला तिने, ज्येष्ठही धरला. दोन्ही टोकं मोजल्यावर काय होणार? दहा बोटं संपली. "दहा!" म्हणाली. "मूल नवाचं, मग माझा दीर काय मधेच मुंबईहून उडत येऊन गेला?"

बायका हसल्या. एकीलाही कळलं नाही का, की गौरी गेल्यापासून मोजायचं असतं? कळलं असणार. सगळ्यांची पोरं झालेली होती. पण सांगणारा गेला होता ना — माझ्या बाजूने एक शब्द बोलू शकणारा एकच माणूस, आणि तो नव्हता.

बारसं झालं नाही. कानात नाव सांगायला आत्या लागते, आणि नणंदेला वैनीने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. बाराव्या दिवशी मी पोराला पदराखाली घेऊन माहेरी आले. नाव मीच सांगितलं त्याच्या कानात, एस.टी.त, खिडकीपाशी बसून. पाऊस आत येत होता.

निघाले तेव्हा एकटी शोभा मागे धावली होती. वैनीची मुलगी, पाच वर्षांची. "काकी, मी पण." आवाराच्या दगडी गडग्यापर्यंत आली, मग आईने हाक मारली.

हे सगळं का सांगतेय? तुम्हाला माझी कीव यावी म्हणून? नाही. राग किती जुना होता आणि मी तो किती जपला, हे कळावं म्हणून. लोणचं मुरवतात तसा मुरवला मी तो.

अठरा वर्षं गेली. ऐंशीची वर्षं सरत आली होती. एक दिवस डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "मावशी, कोर्टाचं काम आहे. रक्त घ्यायचं तिघांचं — आई, मूल आणि ज्याला बाप म्हणतायत तो. हैदराबादला जाणार." डीएनए हा शब्द आम्ही तोवर ऐकला नव्हता. त्यांनीच समजावलं, की बोटाचा ठसा जसा कुणाचा कुणाला जुळत नाही तशी रक्तातही खूण असते, आणि आईबापाची खूण पोरात उतरते. पण रक्ताच्या बाटलीला तोंड नसतं. ती कुणाची हे कसं कळणार? म्हणून रक्त आणि अंगठा एका वेळी घ्यायचा. कागदावर फोटो, फोटोखाली ठसा, बायकांचा उजवा, पुरुषांचा डावा. कारकुनाचं टेबल व्हरांड्यात, रक्ताची खुर्ची आत पडद्यामागे. मधल्या वाटेत माणूस बदलू नये म्हणून साहेबांनी स्वतःचा एक नियम काढला होता: ठसा दिल्यावर शाई पुसायची नाही. काळा अंगठा घेऊनच माणूस आत येणार, साहेब आधी अंगठा बघणार, मगच सुई लावणार. शाई मी पुसायची, स्पिरिटच्या बोळ्याने, रक्त घेऊन झाल्यावर. आणि कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी. "अंगठा व रक्त एकाच इसमाचे, माझ्यासमक्ष."

किती ऐट वाटली होती मला त्या सहीची.

ठरल्या दिवशी दारातून आत आली ती वत्सलावैनी. केस पांढरे, पाठ वाकलेली. तिच्यामागे शोभा, मांडीवर घ्यायचं पोर काखेत. शोभाने मला लगेच ओळखलं. कसं ओळखलं असेल? पाच वर्षांची होती. "काकी," म्हणाली, आणि रडायलाच लागली. "तुम्ही आहात हितं? मग मला काय भीती नाय."

ऐकलंत ना? तिचा शब्द आहे तो. मी एकही बदललेला नाही.

प्रकरण असं होतं. रमाकांत म्हणून एक, दोन होड्यांच्या मालकाचा मुलगा. लग्नाचं वचन दिलं, मूल झालं, आणि मग म्हणाला मी हिला ओळखत नाही. शोभा कोर्टात गेली. बापाचं नाव हवं होतं तिला पोरासाठी, दुसरं काही नाही.

शोभाचं रक्त घेतलं, पोराचं घेतलं. पोर किंचाळायला लागलं. मी म्हटलं, "जा गो, मागच्या खोलीत जाऊन पाज त्याला, इथे पुरुष यायचेत." मायेने म्हटलं. मनात तेव्हा काही नव्हतं — की होतं? मी हजारदा आठवून पाहिलंय. नाही सांगता येत.

वैनी मात्र खुर्चीपाशीच घुटमळत होती. साहेबांना म्हणाली, "ह्या बाटल्या कशाला साहेब? महिने बरोबर बसतात. मी मोजलेत." आणि दोन्ही हात वर केले तिने. माझ्यासमोर. ती बोटं — तीच — एकेक मिटत गेली, आणि या वेळी नवावर थांबली. शेवटचं बोट तिने उघडंच ठेवलं.

स्वतःच्या मुलीसाठी बरोबर मोजता येत होतं तिला.

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तिला आठवतच नव्हतं हो! मी अठरा वर्षं ज्या दहा बोटांवर जगले, ती दहा बोटं ती विसरून गेली होती. मी तिला म्हटलं, "तुम्ही मागच्या खोलीत शोभापाशी बसा, वैनी." आणि व्हरांड्यात गेले.

रमाकांतचा फोटो चिकटवून झाला होता. ठसाही झाला होता. कारकून कागद माझ्या हातात देऊन चहाला गेला. भिंतीशी रमाकांत उभा, डावा अंगठा काळा, आणि शेजारी त्याचा एक दोस्त, त्याच्याच अंगकाठीचा. रमाकांत हसत म्हणाला, "मावशी, मला सुईचं लय भ्या वाटतं. ह्यो गेला माझ्याऐवजी तर काय बिघडतंय?"

दोस्त म्हणाला, "मेल्या, माझं रक्त तुझ्यापेक्षा चांगलंय, तुझंच नशीब उघडेल."

थट्टेचा सूर होता, पण डोळे माझ्यावर होते दोघांचे. मी ओरडले असते तर ते थट्टेवारीच नेणार होते. मला समजलं. एका क्षणात सगळं समजलं. आणि मला — लिहूनच टाकते — आनंद झाला. भूक लागलेल्याला ताट वाढलेलं दिसावं तसा.

पॅड टेबलावर उघडं होतं. मी त्या दोस्ताचा डावा हात धरला. मनगट गरम होतं. त्याचा अंगठा मी माझ्या हाताने शाईत दाबला, नखापर्यंत काळा केला. रमाकांतचा अंगठा पदराच्या टोकाने पुसला आणि त्याला म्हटलं, "तू फाटकाबाहेर जा. लगेच." दोस्ताला आत नेलं. साहेबांनी काळा अंगठा पाहिला, कागद पाहिला. तोंड फोटोशी कशाला ताडून बघतील? त्यासाठीच तर मी होते. सुई लागली, बाटली भरली, बर्फाच्या थर्मासात गेली. मी सही केली. सुवाच्य.

पैसे घेतले नाहीत मी. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. घेतले असते तर लोभ तरी म्हणता आला असता.

काही महिन्यांनी अहवाल आला. हा मुलाचा बाप नव्हे. कसा असेल? अंगठा एकाचा होता, रक्त दुसऱ्याचं. वाडीवरून बातम्या यायच्या, आणि मी एकेक खोदून विचारायची. वैनी म्हणे आता विहिरीवर सकाळी जात नाही, भर दुपारी कुणी नसताना जाते. गौरी आणायला सवाष्णी तिच्याकडे फिरकल्या नाहीत. ही बातमी आली त्या संध्याकाळी मी शिरा केला, तूप सोडून सोडून. दिनेशने विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही, सहज.

वत्सलावैनी गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. तिच्यापुरतं म्हणाल तर मला आजही वाईट वाटत नाही. खोटं कशाला लिहू? तिचं ते नववं बोट डोळ्यांपुढे आलं की अजून माझ्या अंगात गरम काहीतरी उतरतं, आणि ते मला आवडतं.

पण एवढंच असतं तर मी हे लिहायला बसले असते का? हे काम रागाच्या भरात झालं असं म्हणून मी निभावून नेलं असतं. पुढचं मात्र रागात झालेलं नाही.

अहवालानंतर दोनेक महिन्यांनी शोभा माझ्याकडे आली. एकटीच, लांज्याहून, काजूच्या कारखान्यातनं सुट्टी काढून. बी फोडून फोडून बोटांची सालं निघालेली. माझ्या चुलीपाशी पाटावर बसली. भांडायला आली असेल असं वाटलं होतं मला, मी तयारीत होते. ती हळू आवाजात म्हणाली, "काकी, तुम्ही दवाखान्यात काम करता. तुम्हाला कळतं यातलं. मशीन चुकतं का हो?"

मी म्हटलं, "साहेब म्हणतात, नाही चुकत."

चुलीतलं लाकूड तिने पुढे सारलं. मग म्हणाली, "मग माझंच काहीतरी चुकत असेल. मला त्याच्याशिवाय कुणी आठवतच नाय. पण रक्तात आलं नाय म्हणजे... कोण तरी असेल ना? मलाच आठवत नसेल. असं होतं का हो बाईचं?"

बघा, तिला माझ्यावर संशय नव्हता. रमाकांतवरसुद्धा उरला नव्हता. ती स्वतःच्या अंगाला विचारत होती. एक शब्द पुरला असता. वैनी तिथे नव्हती, बोटं नव्हती, विहीर नव्हती. या पोरीने माझं काहीएक केलं नव्हतं. मी चहाचं आधण बघत होते.

मी म्हटलं, "होतं कधी कधी."

तिने मान हलवली. चहा प्यायली, कप विसळून ठेवला, माझ्या पाया पडली आणि गाडीला गेली.

तिचा मुलगा आता संसाराला लागलाय. त्याने एकदा तिला बापाचं नाव विचारलं, तेव्हा ती त्याला म्हणाली, मला माहीत नाही रे. ती लपवत नव्हती. तिला तसंच वाटतं.