छताला भोक असलेलं देऊळ

इटलीला शिकायला निघाले तेव्हा मांसमच्छी, दारू, अनोळखी माणसं असल्या सगळ्या शपथा आईच्या घालून झाल्या. अप्पांनी एकच वचन मागितलं. "दगडाच्या छताखाली जायचं न्हाई. कसलंबी आसू दे."

अप्पा म्हणजे माझे वडील. रेणापुरात त्यांचं किराणा दुकान आहे, पण मूळ गाव निलंग्याकडचं, त्र्याण्णवच्या पहाटेच्या भूकंपात गेलेलं. तेव्हा ते बारा वर्षांचे होते. माळवदाचं, म्हणजे वर मातीचं जड धाबं असलेलं घर, दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती. त्याखालून अप्पांना दुपारी काढलं आणि शेजारी झोपलेल्या थोरल्या बहिणीला दुसऱ्या दिवशी. मग मामाने त्यांना रेणापूरला आणलं.

त्यानंतर अप्पा दगडी छताखाली कधी उभे राहिले नाहीत. आमचं घर पत्र्याचं, मे महिन्यात आम्ही आत भाकरीसारखे भाजतो. आळीतल्या जुन्या महादेवाच्या देवळाला अप्पा रोज जातात, पण पायरीखालूनच हात जोडतात. कुणी आत बोलावलं की गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवतात. "माझा देव माझ्या गळ्यात हाय. आत कशाला येऊ?" आम्हा लिंगायतांच्या तोंडी हे शोभतंही, त्यामुळे समोरचा गप्प बसतो. त्या हाताखाली भीती आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि तिचा रागही यायचा. विष्णुपुरीच्या कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंगला गेले तीसुद्धा थोडी अप्पांशी भांडायलाच. सगळी छतं पडत नसतात, हे मला त्यांना दाखवायचं होतं.

रोमला पोचले त्या दिवशी सकाळी कोलोसियम पाहिलं. एवढं अवाढव्य काही माणसांनी बांधलं असेल यावर आधी विश्वासच बसेना. मग फिरत फिरत पलीकडे गेले तर बाहेरची अर्धी भिंत गायब. शेजारच्या घोळक्याला गाइड सांगत होती, भूकंपात पडली. लोकांनी फोटो काढले. मी मात्र दोन पावलं मागे सरकले. वाटलं, अप्पांचंच खरं, आपण उगाच चार वर्षं पुस्तकं घासली.

दुपारी पँथिऑन या जुन्या रोमन देवळात गेले ते जरा हट्टानेच. समोर अखंड दगडाचे प्रचंड खांब. दारात सवयीने वाकून उंबऱ्याला हात लावला आणि मागून येणारा माणूस माझ्यावर आदळला. त्याची माफी मागत आत गेले, वर पाहिलं आणि तशीच उभी राहिले.

वर अख्खं आभाळच घुमटात बांधून ठेवलं होतं. अधेमधे एकही खांब नाही. मधोमध गोल भोक, त्यातून आत आलेलं ऊन. आमच्या दुकानाच्या पत्र्याला भोक पडलं की असाच कवडसा पडतो, पण हा बैलगाडी मावेल एवढा होता. खाली जड खडी, वर चढेल तसतसा हलका दगड, लोखंडाची एक सळई नाही आणि वय दोन हजार वर्षांच्या घरात. हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. त्याखाली उभं राहिल्यावर ते सगळं विसरले आणि चक्क रडू आलं.

हे एकटीने बघवेना. वचन मोडल्याचं कधीतरी सांगायचंच होतं. अप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि एक शब्दही न बोलता फोन वर धरला.

"आगं माय! छत पडलंय! बाई, भाईर पळ!"

अप्पांचा तो आवाज त्या घुमटात असा घुमला की शे-दोनशे माणसं वळून बघायला लागली. रखवालदाराने ओठांवर बोट ठेवलं. मी कानात इअरफोन घालून कुजबुजले, "पडलं नाही अप्पा. मुद्दाम ठेवलंय. वरचं वजन कमी व्हावं म्हणून."

"मुद्दाम?" अप्पांनी विचारलं. मागे कुणीतरी साखर मागत होतं. "थांब की जरा," अप्पा त्याला म्हणाले. मग मला, "सळई किती टाकली?"

"एकबी न्हाई."

"भूकंप आलते का तिथं?"

"लई वेळा."

मग त्यांनी मला फोन घेऊन भिंतीभिंतीने फिरवलं. इथं दाखव, बुडाला किती जाड हाय, तडा गेलाय का बघ. खरंच, तडे होते. अप्पांनी एकेक तडा जवळून दाखवायला लावला. मग हळूच म्हणाले, "तडे जाऊनबी हुबं हाय. बांधणाऱ्याच्या घरचं कुणीतरी दगडाखाली गेलं आसंल. त्याबिगर इतकं जपून कोण बांधतंय?"

इतकी वर्षं मी ज्यांच्याशी वजनांनी आणि सूत्रांनी भांडत होते, ते आता कुणा परक्या गवंड्याच्या दुःखाची चौकशी करत होते. मला माझीच लाज वाटली.

"भाईर निघूस्तर फोन ठिवू नको," ते म्हणाले. मी अर्धा तास बाहेर निघालेच नाही. तेवढा वेळ अप्पाही माझ्यासोबत त्या छताखाली होते. वचनाचा विषय दोघांनीही काढला नाही.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "तुझे अप्पा आज देवळात जाऊन आले."

"ते तर रोजच जातात."

"आत गं. उंबऱ्याच्या आत दोन पावलं. भिंतीला हात लावून हुबे व्हते, चपला हातात धरून."

"चपला घेऊन? देवळात?" मला हसावं की रडावं कळेना. पळायची वेळ आली तर हाताशी असाव्यात, एवढाच त्यांचा हिशेब असणार. "पुजारी काय म्हणाला?"

"काय म्हणतोय? त्याला काय ठावं न्हाई व्हय? आणा, मी धरतो म्हणला आन् हात फुडं केला."

"मग?"

"मग काय," आई म्हणाली. "दिल्या की."