दातांनी ऐकणारे हसनभाई

हसनभाई मला पहिल्यांदा दिसले ते स्क्रूड्रायव्हर खाताना. ओमानमधल्या सोहारच्या सनायात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, एका पिकअपचं बॉनेट उघडं होतं. इंजिन धडधडत होतं आणि साठीकडे झुकलेला एक सडसडीत माणूस हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून, मूठ दातांत घट्ट धरून, डोळे मिटून उभा होता. मी मागून म्हणालो, "चाचा, जेवण आलं नाही का अजून?" उत्तर आलं नाही. माझे विनोद बऱ्याचदा अनुत्तरित राहतात, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, ड्रायव्हरला "बेअरिंग गया" म्हणून सांगितलं आणि माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवरचा गणपती बघून मराठीत विचारलं, "पुण्याचे काय तुमी?" स्वतः दापोलीकडच्या खाडीकाठचे. तीस वर्षं इथे.

माझी गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. प्लांटमधला एक युरोपियन सहकारी ओमान सोडून जाताना ती माझ्या गळ्यात मारून गेला. तिच्या सीटखाली डिझेलवर चालणारा हीटर होता. इंजिन बंद असलं तरी आपल्या आपण पेटणारा. जिथे वर्षातले आठ महिने स्टिअरिंग धरायला फडकं लागतं, तिथे मी हीटरवाली गाडी घेतली. पण जबल शम्सच्या डोंगरावर जानेवारीत पाण्याच्या बाटलीत बर्फ होतो, हे मी कुठेतरी ऐकलं होतं आणि इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला जाहीरही करून टाकलं होतं की आम्ही वर गाडीत राहणार, उबेत. त्यानंतर दोन हिवाळे गेले. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पंप टकटक करायचा, खालून धूर यायचा, थोडी ऊब यायची आणि तिसऱ्या मिनिटाला सगळं बंद. मग लाल दिवा मिचमिचत राहायचा, जणू माझ्याकडे बघून डोळा मारतोय.

सनायातल्या प्रत्येक गॅरेजात मी हसं करून घेतलं. "हीटर? ओमान में? साब, एसी बोलो ना!" हसले नाहीत ते फक्त हसनभाई. ते म्हणाले, "आदी ऐकायचा, मंग खोलायचा. खोलणारे लय हायत." आणि सीटखाली वाकून त्यांनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला.

दोन-तीन शनिवारांनी मला कळलं की हे गृहस्थ बोलताना आपल्या तोंडाकडे टक लावून बघतात. मग त्यांनीच सांगितलं. "कान गेले, सायेब. इतकी वर्सं जनरेटरच्या बाजूला काडली. पण हाडाला आयकू येतंय अजून. दातांनी आयकतो." मग मालकाच्या केबिनकडे बघून, "अर्बाबला बोलू नका. धाकटीचा नर्सिंग दोन वर्सांत होईल. तवर तरी हितं ऱ्हायला पायजे."

मी शपथेवर वचन दिलं. ते आठ दिवस टिकलं.

माझ्या पोटात चांगली गोष्ट राहत नाही, हा माझा जुना आजार. पुढच्या शनिवारी गॅरेजच्या मालकाने, म्हणजे अर्बाबने, मला काहवा, इथली कडू कॉफी, प्यायला बसवलं. समोर खजुराची ताटली. चार माणसं ऐकायला. मी हसनभाईंची नक्कल केली. चमचा दातांत धरला, डोळे मिटले, "बेअरिंग गया" म्हणालो आणि मागून जेवणाबद्दल विचारलं तरी पत्ता नाही, हेही रंगवून सांगितलं. सगळे हसले. सर्वांत जास्त अर्बाब हसला. आणि सर्वांत आधी हसायचा थांबलाही तोच.

तो उठला, काम करणाऱ्या हसनभाईंच्या मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने जोरात टाळी वाजवली. सगळं गॅरेज वळून बघायला लागलं. हसनभाई प्लग पुसत राहिले.

अर्बाब वाईट माणूस नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बहरा आदमी, पीछे से गाडी आएगा, मर जाएगा. मैं उसका घर को क्या बोलेगा? व्हिसा ये महीना खलास. नया नहीं करेगा." मी घाबरून माझं दुसरं शहाणपण केलं. म्हणालो, या माणसासारखं ओमानात कोणी नाही, माझा हीटर फक्त हाच दुरुस्त करू शकतो, बघाच तुम्ही. अर्बाबने दाढी खाजवली. "ठीक. हीटर चालू, हसन इधर. हीटर नहीं चालू, खलास."

अशा रीतीने एका माणसाची भाकर मी माझ्या बिघडलेल्या हीटरला बांधून ठेवली.

मी माफी मागायला गेलो, तर हसनभाई म्हणाले, "तुमी गंमत केलीत. सोभावच हाय तुमचा." आणि कामाला लागले. हीटर बाहेर काढून त्यांनी आतली, डिझेल जळतं ती कोठी उघडली. आत बोटभर काजळी. ती खरवडून सगळं परत जोडलं, बटण दाबलं, स्क्रूड्रायव्हर चावला. तीन मिनिटं त्यांच्या कपाळावरची शीर हलत होती. मग म्हणाले, "ह्याचा दम कोंडलाय. डिझेल येतंय, प्लग लाल होतोय, पण हवा मिळत नाय ह्याला. मशीन खोटा बोलत नाय. हवेचा पाईप बगितलात?"

"कालच बघितला," मी म्हणालो. "खालून टॉर्च मारून. स्वच्छ आहे."

"मी येकदा खालचा पत्रा खोलून बगू काय?"

तो पत्रा मी स्वतः बसवला होता, दगड लागू नयेत म्हणून, आणि मला त्याचा अभिमान होता. "हसनभाई, बावीस वर्षं मी प्लांटमध्ये पाईपच बघतोय. माझ्यावर विश्वास नाही का?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "तसा नाय सायेब. तुमी बगितला म्हंजे बगितला." मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवरचे दातांचे व्रण अंगठ्याने चोळत हळूच म्हणाले, "मंग दातच खोटा बोलतात."

त्यानंतर त्यांनी पाईप सोडून सगळं उघडलं. पंप, फिल्टर, प्लग, वायरी. तीन शनिवार. दर वेळी तीन मिनिटं, आणि लाल दिवा. शेवटच्या शनिवारी तर त्यांनी स्क्रूड्रायव्हर तोंडाजवळ नेलाच नाही. नुसते दिव्याकडे बघत बसले. अर्बाब आला, त्यानेही दिवा बघितला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो काही बोलायच्या आत हसनभाई म्हणाले, "खलास, अर्बाब. मालूम."

मस्कतच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. दोन बॅगा, एक ब्लँकेट. स्क्रूड्रायव्हर त्यांनी माझ्या हातात दिला. "विमानात नेऊ देत नायत," म्हणाले. बॅगेत घालून नेता आला असता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

फेब्रुवारीत मी व्हॅन विकायला काढली. गिऱ्हाईक म्हणालं, खालचा पत्रा काढा, गंज बघायचाय. मी पत्रा काढला. तिथे शेजारी शेजारी दोन पाईप होते. एक धूर बाहेर सोडणारा, पत्र्याच्या खालून दिसणारा. त्यातच मी टॉर्च मारला होता. दुसरा हवा आत घेणारा, पत्र्याच्या वर लपलेला. त्याच्या तोंडात एक राखाडी मोजा कोंबलेला होता. माझा. व्हॅन घेतली त्या पहिल्याच उन्हाळ्यात, वाळू आणि गांधीलमाश्या शिरू नयेत म्हणून मीच कोंबलेला. त्याचा जोडीदार अजून कपाटात आहे आणि हा हरवल्याचा आळ मी दोन वर्षं बायकोवर घेत आलोय.

मोजा काढून बटण दाबलं. तीन मिनिटं गेली. चार. दहा. भर दुपारी व्हॅनमध्ये मला घाम फुटला. मी स्क्रूड्रायव्हर हीटरला लावून दातांत धरला. आत एकसारखी, मोकळी घरघर चालू होती. झोपलेल्या माणसासारखी. मला नवख्यालासुद्धा कळत होती.

तिथूनच फोन लावला. त्यांच्या धाकटीने, नसरीनने, उचलला. मागे झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. नर्सिंग सोडलं म्हणाली, हल्ली दुकानात बसते. "अब्बा इथेच आहेत, पण फोनवर त्यांना ऐकू येत नाही, अंकल. तुम्ही सांगा, मी लिहून दाखवते."

मी सगळं सांगितलं. मोजा, पाईप, टॉर्च. हीटरचा दम कोंडलाय म्हणाले तेच बरोबर होतं, चूक माझी होती, असं लिही म्हणालो. मोज्याचा फोटो पाठवला.

"अब्बा हसतायत," ती म्हणाली.

"काय म्हणतायत?"

"म्हणतात, सायेबांना सांग, माझं मन राखायला एवढी मोठी गोष्ट रचू नका. म्हणतात, मोज्याचा फोटो काय, कोणीपण काढून पाठवील."

"अगं, खरंच सांगतोय मी! शपथ घेतो!"

तिने तेही लिहून दाखवलं असावं. "म्हणतात, सोभावच आहे त्यांचा."

मी विषय बदलला. हल्ली काही काम करतात का, म्हणून विचारलं. "नाही, अंकल. परवा शेजारच्यांचा विहिरीवरचा पंप बिघडला, ते बोलवायला आले होते. गेले नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "म्हणतात, माझे दात खोटं बोलतात."