धुळ्याच्या पडद्यावर मराठी नव्हती

आमच्या जळगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शेवटचा सराव असा होता: ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान बनवायचं, वापरणाऱ्यानं बटण दाबलं की त्या पानानं उत्तर द्यायचं. पान पास झालं की प्रमाणपत्र. आणि माझ्यासाठी प्रमाणपत्र म्हणजे नोकरी, कारण दसऱ्याला क्लासची नवी शाखा पहूरला निघणार होती आणि प्रमाणपत्र आण, तिथं शिकवायला तुलाच घेतो, असं क्लासच्या सरांनी कबूल केलं होतं. मुदत आईनंही दिली होती. ती जिनिंगवर, म्हणजे कापसाची सरकी काढून रुई करतात त्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. भाषा भडगावकडची, रोखठोक. "दसरापावत वाट देखसू. नोकरी भेटनी ते बेस शे, नई ते मन्हासंगे जिनिंगवर चाल."

वर्गातल्या बहुतेकांनी कॅल्क्युलेटर केला. कॅल्क्युलेटरवर माझा राग नाही, पण तो प्रत्येक दुकानात पडलेला असतो. मी तेव्हा विद्यार्थ्यांच्या एका संघटनेची पत्रकं लिहायचे, आणि आमची अर्धी पत्रकं जातीच्या दाखल्यावर असायची. कचेरीत पोरीला या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात, नेमके कोणते कागद हवेत ते एका दमात कोणी सांगत नाही. आम्हा बौद्ध घरांत तर वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीपुढे एक शब्द आणि आपल्या दाखल्यावर दुसरा, म्हणून खेपा आणखी. याला कोणी अज्ञान म्हणू नये. ही कारकुनांची सवय होती, आणि ती पगार घेऊन पाळली जात होती.

म्हणून मी पान केलं ते दाखल्याचं. ते एकेक प्रश्न विचारणार, तुम्ही बटण दाबणार, आणि शेवटी कोणते कागद घेऊन कोणाकडे जायचं ते सगळं एकदम सांगणार. मराठीत. इंग्रजी फाडफाड येणाऱ्याला असल्या पानाची गरजच काय?

मराठी टाइप करायला मी पत्रकांपायीच शिकले होते, बसस्टँडजवळच्या डीटीपीच्या दुकानात. तिथलाच मराठी फॉन्ट क्लासच्या मशीनवर टाकून घेतला. जळगावला पान झकास चालायचं. क्लासचे सर म्हणाले, "पत्रकबाई, तुमचं पानसुद्धा मोर्चा काढतं की काय?" पण बटणं त्यांनी शेवटपर्यंत दाबली.

परीक्षा धुळ्याच्या मुख्य शाखेत होती, दसऱ्याच्या आधल्या आठवड्यात. फ्लॉपी रुमालात गुंडाळून एस.टी.नं गेले. परीक्षक सरांनी फ्लॉपी घातली, पान उघडलं. पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, नुसता कचरा.

तिथं उभ्या उभ्या मला कळलं. अक्षरांचे आकार पानात नसतात, फॉन्टमध्ये असतात, आणि फॉन्ट जळगावला राहिला होता. ज्या मशीनवर तो नाही तिथं माझी मराठी म्हणजे मी दाबलेल्या कळा, बस. पहूर गेलं, एवढंच डोक्यात.

"हे काय आणलंस?" सरांनी विचारलं.

"सर, फॉन्ट नाहीये इथं. गावात एखाद्या प्रेसमध्ये असेल, पळत जाऊन आणते."

"बाहेरचं काही मशीनमध्ये टाकायचं नाही. व्हायरस येतो."

"माझी फ्लॉपीपण बाहेरचीच आहे, सर."

"ती तपासून घेतलीय. तुझी जीभ तेवढी राहिली."

मागे बसलेली पोरं हसली. आणि मग मी तो कचरा वाचायला लागले. पत्रकं टाइप करून करून कोणत्या कळेला कोणतं अक्षर ते बोटांत बसलं होतं. पडद्यावर एक्स, के, ओ दिसत होतं. म्हणजे गाव. "सर, इथं विचारलंय, तुमचे वडील कोणत्या गावचे? आता हे बटण दाबा." त्यांनी दाबलं. पुन्हा कचरा. "आता विचारलंय, वडील शाळेत गेले होते का? नाही म्हणायचं तर हे उजवीकडचं." त्यांनी उजवीकडचं दाबलं. असं करत शेवटच्या उत्तरापर्यंत गेलो. एक बटण चुकलं नाही.

सर खुर्चीत मागे रेलले. "चालतंय खरं. पण प्रत्येक कॉम्प्युटरबरोबर तू जाणार का वाचून दाखवायला?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि तरी तो अन्याय होता. ते मशीन इंग्रजी घेऊनच आलं होतं. मराठी मात्र ज्याची त्यानं खिशात घालून आणायची, आणि दारात अडवली तर तिलाच व्हायरस म्हणायचं.

"अर्धा तास देतो," सर म्हणाले. "इंग्रजीत कर."

केलं. काय करणार? मराठीची एकेक ओळ पुसत गेले आणि तिच्या जागी माझं तुटकं इंग्रजी बसवत गेले. रहिवासी दाखल्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. घड्याळाकडे बघत, घाईनं पुसताना कुठंतरी ओळीसोबत एक अवतरणचिन्हही पुसलं गेलं. प्रोग्रॅममध्ये एवढी एक खूण गेली की सगळं बंद पडतं. बटणं दिसत होती, पण दाबली तर काही होईना. पुन्हा दाबलं. सगळ्या ओळी वरून खाली वाचल्या, खालून वर वाचल्या. चूक सापडेना.

सर आले, एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. "आता तर काहीच चालत नाही," म्हणाले. "पुढच्या बॅचला ये."

पुढची बॅच दिवाळीनंतर. पहूरला पुढे एक कॅल्क्युलेटरवाला गेला.

त्या दिवशी जळगावला उतरले ती सरळ डीटीपीच्या दुकानात शिरले. तिथल्या मशीनवर फ्लॉपी घातली. चूक लगेच दिसली. खूण टाकली, इंग्रजी काढलं, मराठी परत लिहिली, बटण दाबलं. तुमचे वडील कोणत्या गावचे, असं पानानं स्वच्छ मराठीत विचारलं. दुकानवाला लग्नपत्रिका जुळवत होता, त्यानं मान वर केली नाही.

मेहरूणला घरी पोचले तेव्हा आई भाकरी थापत होती.

"काय व्हयनं?"

"नापास."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, उतरवली. मग हात पुसून उठली, खुंटीवरचं फडकं काढून माझ्यापुढे ठेवलं.

"दसरा व्हयना का हाई नाकले बांधजो," ती म्हणाली. "रुई छातीमा जास."